जखमेची साक्ष आणि संशयाची मर्यादा

शेताच्या बांधावरून किंवा पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोन भाऊबंदांत जुंपावी, संध्याकाळी दोन्ही पक्ष परस्परांविरुद्ध फिर्याद घेऊन पोलीस ठाण्यात उभे राहावेत आणि रात्री उशिरा शिपायाबरोबर दोघांचीही रवानगी ग्रामीण रुग्णालयात व्हावी, हा प्रसंग महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याला नवा नाही. एकाच्या डोक्याला खोक पडलेली असते. दुसऱ्याच्या डाव्या हातावर चार-पाच समांतर चिरा असतात. समोरच्याने विळ्याने वार केले, असे दोघेही ठासून सांगतात. रात्रपाळीचा तरुण वैद्यकीय अधिकारी दोघांना तपासतो, जखमांचे प्रमाणपत्र लिहितो आणि घाईने पुढच्या रुग्णाकडे वळतो. कारण तिकडे एखादी बाळंतीण अडलेली असते किंवा सर्पदंशाचा रुग्ण येऊन पडलेला असतो. त्या प्रमाणपत्रातील चार ओळींवर एखाद्याच्या आयुष्याची काही वर्षे तुरुंगात जावयाची की नाही हे ठरणार आहे, याची जाणीव त्या क्षणी क्वचितच कोणाला असते.

कायद्याने त्या चार ओळींना मोठे वजन दिले आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. परंतु या बाबतीतील मूळ रचना बदललेली नाही. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. तीच दुखापत धारदार शस्त्राने केल्याचे दिसले की कलम ११८ लागू होते आणि गुन्हा दखलपात्र ठरतो. जबर दुखापतीचे आठ प्रकार कलम ११६ मध्ये सांगितले आहेत. त्यांतील शेवटच्या प्रकारात जखमी माणसाला १५ दिवस तीव्र वेदना व्हाव्या लागतात किंवा तितके दिवस त्याचे नित्याचे व्यवहार बंद पडावे लागतात. पूर्वी ही मुदत २० दिवसांची होती. म्हणजे कातडीवरील एका चिरेने प्रकरणाचे स्वरूपच पालटते. जेथे चिरेला असे मोल येते, तेथे ती स्वतःच्या हाताने काढून घेण्याचा मोह होणारच. न्यायवैद्यकातील एका अवघड प्रश्नाचा उगम येथे आहे. समोर दिसणारी जखम दुसऱ्याने केलेली आहे, की जखमी माणसाने ती स्वतः करून घेतली आहे?

या प्रश्नाचे उत्तर चुकले तर निरपराध माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. उत्तर उलट दिशेने चुकले तर खरोखर मार खाल्लेला माणूस खोटारडा ठरून घरी परततो आणि मारणारा मोकळा राहतो. ही दुसरी चूक पहिलीइतकीच भयंकर आहे. मात्र तिची वाच्यता क्वचित होते.

बिब्ब्याचा डाग

बनावट जखमेचे भारतातील सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बिब्ब्याचा डाग. परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी ज्या बिब्ब्याचे तेल वापरीत आणि ज्याच्या नुसत्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर तो उततो, तोच बिब्बा मुका मार भासविण्यासाठी शतकानुशतके वापरला गेला. रुईचा चीक आणि चित्रकाचे मूळ हे त्याचे साथीदार. जयसिंग प्रभुदास मोदी यांचा न्यायवैद्यकावरील ग्रंथ १९२० साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथापासून आजच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत बिब्ब्याच्या या दुरुपयोगाचे वर्णन विद्यार्थ्यांना शिकविले जात आहे. दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणे हा मराठीतील वाक्प्रचार येथे अक्षरशः खरा होतो.

खरा मुका मार आणि बिब्ब्याचा डाग यांतील भेद मात्र लपत नाही. मार बसला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आसपासच्या पेशींत पसरते. त्यामुळे डागाच्या कडा विरळ होत जातात आणि दिवसागणिक त्याचा रंग लाल, निळसर, हिरवट, पिवळा असा पालटत जातो. बिब्ब्याचा डाग काळपट तपकिरी असतो. त्याच्या कडा रेखीव असतात, कडेला बारीक फोड दिसतात आणि त्यांत दाहक द्रव असतो. त्याला दुखण्यापेक्षा खाज अधिक असते. खाजविणाऱ्याच्या बोटांच्या टोकांना आणि नखांनाही तोच रस लागतो, आणि फिर्यादी आपल्या हाताने आपल्याविरुद्ध पुरावा गोळा करतो. रासायनिक तपासणीत तो रस ओळखता येतो.

येथे शास्त्राने स्वतःलाही आवर घातला आहे. रंगावरून मुक्या माराचे वय तासांत सांगण्याची जुनी सवय आता निराधार ठरली आहे. कातडीचा वर्ण, वय, जागा आणि माराचा जोर यांनुसार हे रंग फार वेगवेगळ्या गतीने बदलतात. पिवळेपणा साधारणतः १८ तासांच्या आत दिसत नाही, एवढेच काय ते बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. ‘मार दोन दिवसांपूर्वीचा’ असे नुसत्या नजरेने ठरवून एखाद्याची फिर्याद खोटी म्हणणे हे शास्त्र नव्हे. तो शास्त्राच्या वेषातील अंदाज होय.

लक्षणे आणि त्यांची दुसरी बाजू

शस्त्राच्या जखमांबाबत ग्रंथांनी काही लक्षणे सांगितली आहेत आणि ती अनुभवाने पारखलेली आहेत. स्वतः करून घेतलेल्या जखमा स्वतःचा हात पोहोचेल अशाच जागी असतात. उजवा हात चालविणाऱ्याच्या अंगावर त्या बहुधा डाव्या बाजूस आढळतात. त्या उथळ, एकमेकींना समांतर आणि सारख्या खोलीच्या असतात. डोळे, ओठ यांसारखे नाजूक भाग हात आपोआप वाचवितो. अंगावर चिरा असतात, पण त्यांच्यावरचा सदरा शाबूत असतो. वार अडविताना तळहातांवर आणि मनगटाच्या वरच्या भागावर ज्या जखमा होतात, त्या येथे दिसत नाहीत. शिवाय जखमी माणसाने सांगितलेली हकीगत आणि जखमांची दिशा यांचा मेळ बसत नाही. झटापटीत दोन्ही माणसे हलत असतात. म्हणून त्या वेळी झालेल्या जखमांत एक प्रकारची अव्यवस्था असते. ज्याने स्वतःवर सावकाश शस्त्र चालविले आहे, त्याच्या जखमांत नीटनेटकेपणा असतो, आणि तोच संशयाला वाट करून देतो.

तथापि यांतील प्रत्येक लक्षणाला दुसरी बाजू आहे. झोपेत, नशेत किंवा हातपाय बांधलेल्या अवस्थेत हल्ला झालेल्या माणसाच्या तळहातावर वार अडविल्याची खूण कोठून येणार? छळ करणारा माणूस शांतपणे, एका ओळीत, मोजून चटके देतो. ते चटके नीटनेटकेच दिसतात. अंगावरचा कपडा आधी उतरविला असेल तर तो फाटत नाही. भेदरलेल्या माणसाची हकीगत तुटक आणि विसंगत असते, कारण भीती स्मृतीची साखळी तोडते. म्हणून एका लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. सर्व लक्षणे एकत्र मांडावीत आणि प्रत्येकाचे दुसरे स्पष्टीकरण तपासून पाहावे, हाच या शास्त्रातील पहिला धडा होय.

एकाच शरीरावर दोन्ही प्रकारच्या जखमा असू शकतात, ही गोष्ट तर हमखास विसरली जाते. मनगटावर जुन्या, अर्धवट, थबकत केलेल्या चिरांचे व्रण असलेली विवाहिता पाठीवरचे वळ दाखवून नवऱ्याविरुद्ध तक्रार करते, तेव्हा मनगटाकडे बोट दाखवून पाठीवरचे वळही तिनेच करून घेतले असे म्हणणे सोपे असते. वस्तुतः मनगटावरचे व्रण हा पाठीवरच्या वळांचा परिणाम असू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावयास सांगितले आहे. दुःखाने स्वतःला इजा करणारा माणूस आणि दुसऱ्याला अडकविण्यासाठी इजा करून घेणारा माणूस यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दोघांची जखम सारखी दिसली तरी ‘स्वतः केलेली’ या शब्दांखाली त्यांना एकत्र बांधणे हा अन्याय होय.

बोस्टनचा धडा

जखम जितकी गंभीर तितकी ती खरी, असे एक ठाम मत सर्वसामान्यांत आणि पोलिसांतही असते. हे मत किती फसवे आहे ते अमेरिकेतील बोस्टन शहराने २३ ऑक्टोबर १९८९ नंतरच्या काही आठवड्यांत पाहिले. चार्ल्स स्टुअर्ट नावाच्या गृहस्थाने मोटारीतून पोलिसांना दूरध्वनी केला. एका कृष्णवर्णीय लुटारूने आपल्याला आणि आपल्या गर्भवती पत्नीला गोळ्या घातल्या, असे त्याने सांगितले. पत्नी मरण पावली आणि अकाली जन्मलेले मूलही वाचले नाही. स्टुअर्टच्या स्वतःच्या पोटात गोळी शिरली होती, शस्त्रक्रिया करावी लागली आणि कित्येक आठवडे तो रुग्णालयात होता. इतकी जीवघेणी जखम कोणी स्वतः करून घेईल, ही शंका फारशी कोणाला शिवली नाही. पोलिसांनी मिशन हिल भागातील कृष्णवर्णीय तरुणांची सरसकट झडती घेतली आणि संशयितांना पकडले. जानेवारी १९९० मध्ये स्टुअर्टच्या सख्ख्या भावाने पोलिसांना खरी हकीगत सांगितली. पत्नीचा खून स्टुअर्टनेच केला होता. दुसऱ्याच दिवशी, ४ जानेवारी रोजी, त्याने पुलावरून उडी घेऊन जीव दिला. त्या प्रकरणात नाहक गोवल्या गेलेल्या दोन कृष्णवर्णीय पुरुषांची बोस्टनच्या महापौरांनी जाहीर क्षमा मागितली ती डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे ३४ वर्षांनी.

येथे जखमेपेक्षा पूर्वग्रहाने अधिक काम केले. फिर्यादी प्रतिष्ठित वस्तीतला होता आणि आरोप ज्यांच्यावर होता ते आधीपासूनच संशयाच्या छायेत वावरत होते. म्हणून जखमेला जे प्रश्न विचारावयास हवे होते ते वेळेवर विचारले गेले नाहीत.

पाठीवरचे डाग

याच्या नेमके उलट उदाहरण लंडनमधील आहे. श्रीलंकेतील एका तमिळ तरुणाने २०११ मध्ये ब्रिटनमध्ये आश्रय मागितला. सरकारी सैनिकांनी तापलेल्या लोखंडी सळ्यांनी आपल्याला डागले, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या पाठीवर आणि हातावर तसे व्रणही होते. पाठीवरचे डाग त्याला स्वतःच्या हाताने करता येण्याजोगे नव्हते. तेव्हा, आश्रय मिळावा म्हणून त्याने ते दुसऱ्या कोणाकडून मुद्दाम करवून घेतले असावेत, अशी शंका न्यायाधिकरणाने घेतली आणि त्याची मागणी फेटाळली. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने तोच निर्णय कायम ठेवला.

६ मार्च २०१९ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. लॉर्ड विल्सन यांनी न्यायपत्रात दाखविलेली गोष्ट न्यायवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. पाठीवरच्या डागांच्या कडा रेखीव होत्या. हातावरच्या डागांच्या तशा नव्हत्या. हातावर डागताना आपण शुद्धीवर होतो आणि पाठीवर डागताना शुद्ध हरपली होती, असे त्या तरुणाने सांगितले होते. शुद्धीवर असलेला माणूस हात हिसकतो, म्हणून कडा पुसट होतात. बेशुद्ध माणूस हलत नाही, म्हणून त्या रेखीव राहतात. हा फरक वैद्याने नोंदविला होता. न्यायाधिकरणाने त्याचे पुरेसे मोल केले नाही आणि रेखीव कडांचाच संशयासाठी आधार घेतला. एखादा माणूस भूल घेऊन दुसऱ्याकडून स्वतःच्या पाठीवर असे डाग पाडून घेईल, ही शक्यता अत्यंत दुर्मीळ आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि प्रकरण नव्या सुनावणीसाठी परत पाठविले.

या निकालाने आणखी एक सीमारेषा आखून दिली. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे सादर झालेल्या आणि २०२२ मध्ये सुधारलेल्या इस्तंबूल मसुद्यात छळाच्या जखमा नोंदविण्यासाठी पायऱ्या ठरविल्या आहेत. जखम सांगितलेल्या कारणाशी विसंगत आहे, सुसंगत आहे, अत्यंत सुसंगत आहे, त्या कारणाची नमुनेदार खूण आहे, की त्या कारणाखेरीज दुसऱ्या कशानेही ती होऊच शकत नाही, हे वैद्याने सांगावयाचे असते. जखमी माणसाच्या एकंदर हकीगतीशी ती कितपत जुळते आणि दुसरे कोणते कारण संभवते, यावरही त्याने मत द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. माणूस खरा की खोटा, हे ठरविण्याचे काम मात्र न्यायासनाचे आहे. वैद्याने जखम वाचावी. माणसाचे चारित्र्य वाचण्याच्या भरीस पडू नये.

कोठडीतील खुलासा

हा विषय सातासमुद्रापलीकडचा नाही. कोठडीतील आरोपीच्या अंगावर जखमा आढळल्या की ‘त्याने स्वतःच डोके गजांवर आपटून घेतले’ हा खुलासा भारतातही ऐकू येतो. कधी तो खरा असतो. घाबरलेला किंवा नशा उतरत असलेला आरोपी स्वतःला इजा करून घेतो, आणि कधी पोलिसांना अडचणीत आणण्यासाठीही करून घेतो. पण डोके आपटल्याने तळपायांवर वळ उठत नाहीत. काठीचा जोरदार फटका बसला की मध्ये फिकट पट्टा आणि दोन्ही बाजूंना रुळांसारख्या दोन समांतर रेषा उमटतात. तशी खूण पाठीच्या मध्यभागी असेल तर तो खुलासा टिकत नाही. हे सांगण्यास धैर्यापेक्षाही अधिक गरज असते ती पूर्ण तपासणीची, म्हणजे आरोपीला कपडे उतरवून, पोलिसांना दूर ठेवून, डोक्यापासून तळपायापर्यंत पाहण्याची.

डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये जे निर्देश दिले, त्यांत अटकेच्या वेळी अंगावरील लहानमोठ्या जखमांची नोंद आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी यांचा समावेश होता. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटक झालेल्याची तपासणी करणाऱ्या वैद्याने जखमा आणि त्यांचा अंदाजे काळ लिहावयाचा असतो आणि त्या नोंदीची प्रत अटक झालेल्यालाही द्यावयाची असते. अटकेच्या वेळी पाठ निर्व्रण होती अशी नोंद असेल, तर दोन दिवसांनी पाठीवर दिसणारे वळ बोलू लागतात. पहिली नोंद नसेल तर तेच वळ मुके राहतात. आणि प्रामाणिक पोलिसाचे खोट्या आरोपापासून रक्षण करणारीही हीच नोंद असते.

‘शक्य आहे’ या दोन शब्दांचा सापळा

खटला उभा राहतो तेव्हा वैद्याची खरी कसोटी लागते. उलटतपासणीत वकील विचारतात, ही जखम पडल्यामुळे होऊ शकते काय? स्वतःच्या हाताने करता येईल काय? वैद्य उत्तर देतो, शक्य आहे. या दोन शब्दांवर मोठमोठी अपिले उभी राहतात. वास्तविक जगात शक्य नाही असे फार थोडे असते. विचारावयाचा प्रश्न असा की हे किती संभवनीय आहे आणि कशावरून. सोळंकी चिमणभाई उकाभाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्पष्ट केले की वैद्यकीय पुराव्याचे मोल प्रामुख्याने पूरक आहे. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार सांगतो तसे घडणे अशक्यच होते, असे वैद्यकीय पुराव्याने सिद्ध होत नाही तोवर केवळ दुसऱ्या शक्यतेच्या आधारे ती साक्ष फेकून देता येत नाही. तरीही खालच्या न्यायालयांत हे ‘शक्य आहे’ आजही ढाल म्हणून वापरले जाते, कारण त्याच्या पाठीशी किंवा विरोधात ठेवावयास प्रमाणपत्रात काहीच लिहिलेले नसते. ‘डाव्या हातावर चार साध्या जखमा, धारदार शस्त्राने’ एवढ्या वाक्यावरून दोन वर्षांनी साक्ष देताना स्वतः वैद्यालाही काही आठवत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक जखमेची लांबी, रुंदी आणि खोली मोजून लिहावी. कोपर, मनगट, खांदा अशा ठरलेल्या खुणेपासून ती किती अंतरावर आहे ते नोंदवावे. तिच्या कडा, दिशा आणि शेपूट कोणत्या बाजूला आहे ते सांगावे. शरीराची आकृती काढावी आणि मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. जखमी माणूस उजवा की डावा, हे विचारावे. अंगावरचे कपडे पाहून जप्त करावेत. हकीगत त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. जेथे जखमा नाहीत त्या जागांचीही नोंद करावी, कारण तळहात कोरे असणे हीसुद्धा एक साक्ष आहे. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासावे. मुका मार कित्येकदा उशिरा वर येतो. आणि मत देण्याइतका आधार नसेल तर मत राखून ठेवावे. एवढे करण्यास अर्धा तास लागतो. रात्रपाळीच्या एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याला तो अर्धा तास, एक मदतनीस आणि न्यायवैद्यकाचे पुरेसे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी मात्र शासनाची आहे. ती पार न पाडता चुकीचे खापर त्या तरुणावर फोडणे शोभत नाही.

संशयाची परंपरा या शास्त्राच्या येथील जन्मापासून त्याच्याबरोबर आहे. १८५६ मध्ये नॉर्मन चेव्हर्स यांचा बंगालसाठीचा न्यायवैद्यकाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा एतद्देशीय फिर्यादी खोटेच बोलतो, हा इंग्रज राज्यकर्त्यांचा समज दृढ होता. त्याच्या एकच वर्ष आधी मद्रास इलाख्यातील चौकशी आयोगाने महसुली आणि पोलीस खात्यांतील कनिष्ठ नोकर लोकांचा छळ करतात, हे नोंदविले होते. बनावट जखमा आणि खरा छळ, दोन्ही एकाच काळात, एकाच देशात होते. पण फिर्यादीकडे संशयाने पाहण्याची सवय मात्र शास्त्राच्या अंगवळणी पडली. स्वतंत्र देशातील वैद्याने ती परंपरा तशीच पुढे चालविण्याचे कारण नाही, आणि प्रत्येक जखमेवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचेही नाही. खोटी फिर्याद आणि बनावट पुरावा यांना शिक्षा देणारी कलमे कायद्यात आहेत. ती वापरणे न्यायालयाचे काम आहे.

बांधावरून भांडलेल्या त्या दोघा भाऊबंदांपैकी कोण खरे बोलत होता, हे रात्रपाळीच्या वैद्याला बहुधा कधीच कळणार नाही. ते त्याचे कामही नाही. दोघांच्याही शरीरावर जे दिसले ते त्याने न घाबरता, न चिडता, पूर्णपणे लिहिले असेल, तर डोक्यावरच्या खोकेला आणि हातावरच्या चिरांना न्यायालयात आपापली साक्ष देता येईल. लिहिले नसेल, तर त्या दोन्ही जखमा भरून येतील आणि त्यांच्याबरोबर सत्यही कातडीखाली कायमचे झाकले जाईल.